कोविड ड्युटी आणि मनाचं आरोग्य : आरोग्य कर्मचाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नर्सिंग स्टाफ, निवासी डॉक्टर, आशा ताई, वॉर्डातले मामा-मावशी आणि त्यांच्या घरच्यांचे आहेत. उत्तरं शक्य तितकी सरळ दिली आहेत. काही ठिकाणी ती व्यवस्थापनाला झोंबतील, त्याला इलाज नाही. सगळं वाचायला वेळ नसेल तर आपल्यापुरता प्रश्न शोधा. मरणाचे विचार येत असतील तर बाकीचं राहू द्या आणि आधी १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा. तो चोवीस तास सुरू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

साथ तर कधीच संपली. तेव्हा मी ठणठणीत होते, मग त्रास आत्ता का होतोय?

कारण तेव्हा त्रास करून घ्यायला फुरसत नव्हती. वॉर्ड भरलेला, बाहेर ॲम्ब्युलन्सची रांग, कोणाचं सॅच्युरेशन कधी पडेल याचा नेम नाही. अशा वेळी शरीर आणि मन फक्त पुढचं काम पाहतात. भावना मागे ढकलल्या जातात आणि ड्युटी होते. ही क्षमता खरी असते, पण तिची वसुली नंतर होते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्या तारखेला कोणाच्या मनातला वॉर्ड रिकामा झाला नाही.

हे पहिल्यांदाच घडतंय असंही नाही. २००३ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात सार्सची साथ आली होती. ती काही महिन्यांत आटोक्यात आली. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी तिथल्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांची तुलना सार्सचे पेशंट न पाहिलेल्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांशी केली गेली. सार्स हाताळलेल्यांमध्ये मानसिक ताण आणि कामाचा उबग तेव्हाही जास्त होता. त्यामुळे ‘एवढ्या वर्षांनी काय घेऊन बसलीस’ असं कोणी म्हटलं, तर त्यांना हा टोरांटोचा अनुभव सांगा.

मला नुसता थकवा आहे, बर्नआउट आहे की नैराश्य? फरक कसा ओळखायचा?

थकवा सुट्टीने जातो. दोन ऑफ मिळाले, झोप झाली, गावी जाऊन आलात की माणूस ताळ्यावर येतो.

बर्नआउट सुट्टीने तात्पुरता दबतो आणि कामावर पाय ठेवला की परत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदला आहे. त्याची तीन अंगं आहेत. पार गळून जाणं, कामाबद्दल आणि पेशंटबद्दल मन कोरडं होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. यातलं दुसरं अंग लोकांना सर्वात जास्त घाबरवतं. ‘बेड नंबर सातचा गेला’ असं आपण चहा पिता पिता बोललो हे घरी आल्यावर लक्षात येतं आणि आपण दगड झालो की काय असं वाटतं. दगड झालेल्या माणसाला असा प्रश्न पडत नाही.

नैराश्य मात्र कामापुरतं राहत नाही. ते घरी येतं, जेवणाच्या ताटात येतं, मुलाच्या वाढदिवसालाही येतं. बहुतेक वेळ उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं, भूक आणि झोप बिघडणं, एकाग्रता जाणं, स्वतःला दोष देत राहणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर तपासून घ्यायला हवं. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही आहे. ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःचं निदान त्यावरून करू नका. तापाचा आकडा थर्मामीटर सांगतो, तो मलेरियाचा की डेंग्यूचा हे सांगत नाही.

खरंच इतक्या जणांना त्रास झाला का? की वर्तमानपत्रांनी फुगवलं?

चीनमध्ये साथीच्या सुरुवातीला ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर-नर्सेसचा अभ्यास झाला, तो मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५०.४ टक्के जणांत नैराश्याची, ४४.६ टक्के जणांत चिंतेची आणि ३४ टक्के जणांत निद्रानाशाची लक्षणं आढळली. नर्सेस, स्त्रिया आणि प्रत्यक्ष कोविड वॉर्डात असलेल्यांना त्रास जास्त होता.

इथे एक सावधगिरी हवी. हे आकडे प्रश्नावलीतून आलेले आहेत. लक्षणं दिसणं म्हणजे प्रत्येकाला आजार जडणं नव्हे. बरेच जण वेळ, झोप आणि माणसांच्या आधाराने सावरले. पण भीती अवास्तव होती असं मात्र कोणी म्हणू नये. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

पेशंट गेल्याचं दुःख मी समजू शकतो. पण मला अपराधी का वाटतं? मी तर काही चुकलो नव्हतो.

हा प्रश्न डॉक्टरांकडून सर्वात जास्त येतो, आणि बहुतेकदा रात्री उशिरा येतो.

एप्रिल २०२१ आठवा. आयसीयूचा एक बेड रिकामा, दाराशी तिघे. कोणाला आत घ्यायचं हे ठरवायला कोणी समिती नव्हती. ड्युटीवरच्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने ते ठरवलं. रेमडेसिव्हिर या इंजेक्शनचं बघा. त्याने मृत्यू टळत असल्याचा ठोस पुरावा तेव्हा नव्हता, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच ते वापरू नये असा सल्ला दिला होता. तरी २०२१ च्या लाटेत चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, आणि मुलगे आईचं मंगळसूत्र गहाण ठेवून काळ्या बाजारात फिरले. चिठ्ठी लिहिणाऱ्याला माहीत होतं, की याने फार फरक पडणार नाही. नाही लिहिली तर ‘इंजेक्शन दिलं नाही म्हणून गेले’ हा ठपका येणार, हेही माहीत होतं. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब कोसळला आणि किमान २२ पेशंट गेले. अशा वेळी बेडपाशी उभा असलेला माणूस हाताने छाती दाबू शकतो, ऑक्सिजन कुठून आणणार?

आपल्याला जे बरोबर वाटतं ते करता न येणं, किंवा जे पटत नाही ते करावं लागणं, यातून मनाला जी जखम होते तिला तज्ज्ञ नैतिक इजा म्हणतात. ही संकल्पना युद्धातून परतलेल्या सैनिकांवरून आली. ती भीतीपेक्षा वेगळी असते. घाबरलेल्या माणसाला सुरक्षित वाटलं की बरं वाटतं. नैतिक इजा झालेल्याला सुरक्षित जागी बसल्यावर जास्त टोचतं, कारण आता विचार करायला वेळ असतो.

‘तुझी काही चूक नव्हती’ हे वाक्य इथे पुरत नाही. माणूस ते ऐकतो आणि मनात म्हणतो, तू तिथे नव्हतास. उपयोग होतो तो तपशिलात जाण्याचा. त्या वेळी तुमच्यापुढे नेमके किती बेड होते, सिलिंडर किती होते, सीनियर कुठे होते, तुम्हाला काय माहीत होतं आणि काय नंतर कळलं, हे एका विश्वासाच्या माणसासमोर एकदा मांडून पाहा. निर्णय तुमचा होता, टंचाई तुमची नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या करायला वेळ लागतो. हे काम प्रशिक्षित समुपदेशकासोबत जास्त नीट होतं.

वॉर्डातली दृश्यं अजून डोळ्यांपुढे येतात. हे वेडाचं लक्षण आहे का?

नाही.

एका सिस्टरनी सांगितलेलं इथे लिहितो. पेशंट गेला की त्याच्या वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर नाव-बेड नंबर लिहून ठेवायच्या. चष्मा, कवळी, पाकीट, फोन. नातेवाईक क्वारंटाइनमध्ये, त्यामुळे पिशव्या कपाटात तशाच पडून. त्यातला एखादा फोन वाजायचा. पिशवीतून स्क्रीन दिसायची आणि तीवर ‘घर’ असं नाव. उचलायचा तर काय सांगणार? बातमी द्यायचं काम डॉक्टरांचं, आणि डॉक्टर दुसऱ्या बेडवर. मग तो वाजून वाजून बंद व्हायचा. थोड्या वेळाने परत. या बाईंना नंतर कितीतरी महिने तीच रिंगटोन बसमध्ये कोणाच्या फोनवर वाजली की हात गार पडायचे, एकदा तर मधल्याच स्टॉपवर उतरल्या.

असे प्रसंग नकोसे असताना परत परत आठवणं, स्वप्नात येणं, त्यांची आठवण करून देणाऱ्या जागा किंवा आवाज टाळणं, सतत दचकणं, चिडचिड, मन बधिर होणं, ही आघातानंतरच्या ताणाची लक्षणं आहेत. पहिल्या काही आठवड्यांत ती पुष्कळांना जाणवतात आणि हळूहळू ओसरतात. महिन्यापेक्षा जास्त टिकली आणि काम, घर, झोप यांत आडवी येऊ लागली, तर तो पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरच्या ताणाचा आजार, असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत. आघातावर केंद्रित बोधात्मक-वर्तन उपचार (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला मदत करणारे) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर केलं जाणारं काम) या पद्धतींना भक्कम पुरावा आहे, गरज पडली तर औषधंही असतात. वर्षं उलटून गेली तरी उपचार लागू पडतात.

आम्ही डॉक्टर नाही, नर्स नाही. आम्ही बॉडी पॅक करणारे. आम्हाला पण हे होतं का?

होतं. आणि तुम्हाला विचारायला सर्वात कमी माणसं येतात.

वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार, शववाहिकेचे चालक, स्मशानभूमीतले कर्मचारी यांचा मृत्यूशी सर्वात जवळून संबंध आला. डॉक्टर राउंड घेऊन पुढे जातात, मामा-मावशी पेशंटची चादर बदलतात, त्याच्याशी गप्पा मारतात आणि शेवटी चेन लावून पिशवी बंद करतात. त्यातले अनेक जण कंत्राटी. साथ ओसरली आणि जंबो कोविड सेंटर बंद झाली तशी नोकरी गेली. सोबत काम केलेली माणसं पांगली, त्यामुळे बोलायलाही कोणी उरलं नाही. दारूचं प्रमाण याच गटात वाढलेलं आम्ही पाहिलं. ‘वास जात नाही म्हणून घेतो’ असं सांगणाऱ्याला व्यसनावरचं व्याख्यान देऊन उपयोग नाही. आधी वासाबद्दल विचारा.

मी आशा आहे. वॉर्डात पाऊल टाकलं नाही, तरी रात्री छातीत धडधडतं. मी उगाच करते का?

उगाच नाही, ताई. वॉर्डात निदान पीपीई किट, म्हणजे अंगभर संरक्षक पोशाख, होतं. तुम्ही मास्क आणि सॅनिटायझरवर घरोघरी फिरलात. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेलात. काही दारं तोंडावर आपटली. ‘तूच रोग घेऊन येतेस’ हे ज्या गावात नांदायला आलो त्याच गावात ऐकावं लागलं. कोणाला पॉझिटिव्ह म्हणून कळवलं की ते घर सहा महिने बोलत नाही, हे शहरातल्या डॉक्टरला कळणार नाही. त्याची ओपीडी संपते, तुमचं गाव संपत नाही.

आणि मोबदला काय? केंद्राचा कोविड प्रोत्साहन भत्ता होता महिन्याला १,००० रुपये, म्हणजे दिवसाला ३३. महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशांनी १५ जून २०२१ पासून संप केला तेव्हा कुठे मानधन १,००० रुपयांनी वाढलं आणि ५०० रुपये कोविड भत्ता मिळाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. गौरव झाला हे चांगलंच, पण थकलेलं मानधन वेळेवर आलं असतं तर धडधड जास्त कमी झाली असती असं माझं मत आहे. पैशाची ओढाताण आणि मनाचा ताण हे दोन वेगळे कप्पे नाहीत.

विदर्भ-मराठवाड्यातल्या ताईंना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. २०१५ पासूनच्या प्रेरणा प्रकल्पात शेतकऱ्यांच्या घरी जाऊन ‘झोप लागते का, मन लागतं का’ हे प्रश्न तुम्हीच विचारत होता. तेच प्रश्न एकदा गटप्रवर्तक ताईंसोबत बसून एकमेकींना विचारा. आणि उत्तर गंभीर आलं तर जे शेतकऱ्याला सांगता तेच करा, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा.

घरमालकाने खोली सोडायला लावली होती, सोसायटीने लिफ्ट बंद केली होती. तो राग अजून जात नाही.

जायलाच हवा असं कोणी सांगितलं? लोकांनी २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजवल्या आणि त्याच आठवड्यात त्याच इमारतींमध्ये नर्सना दार उघडेना. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. राग येणं हे मन ठिकाणावर असल्याचं लक्षण आहे.

कायद्याचं थोडं माहीत असू द्या. साथरोग कायदा मुळात मुंबईतल्या प्लेगमुळे फेब्रुवारी १८९७ मध्ये आला. त्यात लोकांवर काय सक्ती करायची ते होतं, सेवा करणाऱ्याच्या संरक्षणाचं काही नव्हतं. पुढच्याच महिन्यात, १० मार्च १८९७ ला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. संरक्षणाची तरतूद यायला २२ एप्रिल २०२० चा वटहुकूम लागला, त्याचा कायदा त्याच वर्षी सप्टेंबरात झाला. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला, किंवा त्याच्या राहण्या-काम करण्यात अडथळा येईल असा छळ, याला तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. गंभीर इजा केली तर सहा महिने ते सात वर्षं आणि १ ते ५ लाख. गुन्हा अजामीनपात्र आहे. एरवीच्या काळासाठी महाराष्ट्राचा २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. तक्रार केल्याने राग जाईल असं नाही. पण ‘आपण गप्प बसलो’ ही बोच पुष्कळांना रागापेक्षा जास्त खाते.

किट घालून सहा-सात तास काढताना जीव गुदमरायचा. आता साधा मास्क लावला तरी घाबरायला होतं.

शरीराने ती जोड पक्की करून ठेवली आहे. मास्क म्हणजे गरम श्वास, घाम, धुकट गॉगल, पाणी नाही, लघवीला जाता येत नाही, पाळी असली तर विचारूच नका. कित्येकींनी ड्युटीआधी पाणी पिणंच सोडलं, काहींनी डायपर वापरले. पाठीवर मार्करने नाव लिहिल्याशिवाय शेजारी कोण उभं आहे तेही कळत नव्हतं. इतकं सोसल्यावर शरीर सावध होणारच.

हळूहळू सवय मोडता येते. घरात, पंख्याखाली, आवडीचं काही करत असताना दोन मिनिटं मास्क लावा, काढा. घाबरणं कमी झालं की वेळ वाढवा. सोडलेला श्वास घेतलेल्या श्वासापेक्षा लांब ठेवा. भीतीचा झटका आला की लगेच मास्क ओरबाडून पळू नका, कारण पळाल्याने भीती पक्की होते. थोडा वेळ थांबलात तर ती लाट आपोआप उतरते. हे एकट्याने जमत नसेल तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हेच टप्प्याटप्प्याने करून घेतात.

नाइट करून आलं की झोप लागत नाही.

खोली पूर्ण अंधारी करा, जाड पडदा नसेल तर डोळ्यांवर पट्टी. ड्युटीच्या शेवटच्या काही तासांत चहा-कॉफी बंद. जमलं तर पहाटे दोन ते चारच्या दरम्यान वीस-तीस मिनिटांची डुलकी घ्या. सकाळी दुचाकी चालवत घरी जाताना डोळा लागून अपघात होतात, ते टाळण्यासाठीही ती हवी. हे सगळं लिहिताना कल्पना आहे, की एका खोलीच्या घरात नाइट करून आलेल्या बाईला कोणी दुपारी झोपू देत नाही. घरच्यांशी त्याबद्दल एकदा भांडण झालं तरी चालेल.

मी स्वतः डॉक्टर आहे. झोपेसाठी अधूनमधून अल्प्राझोलम घेते. त्यात काय मोठं?

दुसऱ्या कोणी पेशंटने हेच सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची सवय लागते, डोस वाढत जातो आणि अचानक बंद केल्या तर त्रास, क्वचित फिटही येऊ शकते. म्हणून आता एकदम सोडू नका, मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने कमी करत न्या. नैराश्यावरच्या औषधांबद्दल उलट गैरसमज आहे. त्यांची व्यसनासारखी चटक लागत नाही, मात्र परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि बंद करायची तर तीही हळूहळूच. स्वतःला स्वतः लिहून दिलेल्या गोळीचा खरा तोटा हा, की तुमचं कोणी फॉलोअप घेत नाही.

निवासी डॉक्टरांना सलग ३६ तास ड्युटी लागते. मन मजबूत करायला काय करावं?

मनाने काही करायच्या आधी ड्युटी-चार्टने करायला हवं. १९९२ च्या केंद्राच्या निवासी डॉक्टरांसाठीच्या नियमात सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा आहे. ती पाळली गेल्याचं कोणत्या निवासी डॉक्टरने पाहिलंय? २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि एक पूर्ण सुट्टी अशी शिफारस केली. ४८ वरून ७४ वर येऊनही ती सुधारणा वाटते, यावरून मधल्या वर्षांत काय चाललं होतं ते समजा.

साथीत त्यात भर पडली. एप्रिल २०२१ मधली नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची, परीक्षा पुढे जाऊन ११ सप्टेंबरला झाली, प्रवेश जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले. म्हणजे कित्येक महिने पहिल्या वर्षाची तुकडीच नव्हती. तिच्या वाट्याचं काम उरलेल्या दोन तुकड्यांनी ओढलं, तेही आपल्या विषयाचं शिक्षण बाजूला ठेवून. सर्जरीच्या मुलांनी वर्षभर टाक्यांऐवजी स्वॅब घेतले. शिकायचं राहिलं, आता आपण कच्चे सर्जन होणार, ही चिंता आजारातून आलेली नाही, ती रास्त आहे. सीनियरनी ती कबूल करावी आणि राहिलेलं शिकवावं.

समुपदेशनाला गेलो तर नोंद राहील का? नोकरीवर परिणाम होईल?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा तुम्हाला हक्क आहे. विभागप्रमुखांना ती मागता येत नाही. याच कायद्यानुसार आरोग्य विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचं आहे.

प्रत्यक्षात मात्र आपल्याच रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढला की संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये चर्चा होते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून दुसऱ्या रुग्णालयात किंवा बाहेर जा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यांची बाह्यरुग्ण सेवा आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल सेवा फोनवर समुपदेशन करते. १४४१६ ला फोन केला तर नाव सांगितलंच पाहिजे असं नाही.

सहकारी म्हणाला, ‘आता सुटलो तर बरं.’ गंमतीत म्हणाला असेल का?

विचारा. सरळ विचारा, ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने डोक्यात तो विचार शिरतो हा समज खोटा आहे. उलट कोणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका. भाषण देऊ नका, मुलाबाळांची शपथ घालू नका, ऐका. डॉक्टर-नर्सच्या हाताशी औषधं असतात, त्यामुळे पुढचे काही दिवस त्याची ड्युटी अशा जागेवरून हलवण्यासाठी विश्वासातल्या वरिष्ठांशी बोला. त्याच्यासोबत बसून १४४१६ लावा, धोका ताबडतोबीचा वाटला तर ११२ किंवा जवळचा अपघात विभाग. पोलिस केस होईल या भीतीने थांबू नका. कायदा आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसालाही तीव्र तणावाखाली आहे असं मानतो, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो.

आमच्याकडे सगळ्यांना हॉलमध्ये बसवून एक सत्र घेतलं. प्रत्येकाला अनुभव सांगायला लावला. मला तर जास्त त्रास झाला.

होऊ शकतो. आघातानंतर सगळ्यांना सक्तीने एकदाच बसवून सगळं बाहेर काढायला लावणं याने पीटीएसडी टळत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ते करू नका असं सांगते. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सुचवले आहेत. त्याचं सूत्र पाहा, ऐका, जोडून द्या असं आहे. माणूस सुरक्षित आहे का, जेवलाय का हे पाहा. बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर खणू नका. जी मदत लागेल तिच्याशी जोडून द्या. यासाठी मानसोपचारतज्ज्ञ असायची गरज नाही, इनचार्ज सिस्टर हँडओव्हरच्या वेळी हे करू शकतात. आणि रजा नाकारलेल्या स्टाफसाठी शनिवारी सक्तीचं ध्यान शिबिर ठेवणाऱ्यांनी ती रजाच द्यावी.

घरी आल्यावर ते गप्प असतात. आम्ही काय करावं?

दारातच ‘आज किती गेले?’ विचारू नका. आंघोळ, जेवण, झोप होऊ द्या. बोलावंसं वाटलं तर ऐका आणि उपाय सुचवायची घाई करू नका. चिडचिड तुमच्यावर निघत असेल तर तीही मुकाट सोसू नका. शांत वेळी सांगा, की हे आम्हाला लागतं. मारहाण किंवा रोजची दारू असेल तर तो ताण म्हणून माफ करायचा विषय नाही, तिथे मदत तुम्हालाही हवी. लहान मुलांना आई-बाबा महिनाभर वेगळ्या खोलीत का राहिले हे कित्येक घरांत कधी नीट सांगितलंच गेलं नाही. आता मोठी झाली असतील, सांगून टाका.

पुढची साथ येण्याआधी रुग्णालयाने काय ठरवून ठेवावं?

समुपदेशकाची नेमणूक हवीच, पण ती यादीत पहिली नाही. किटमधल्या ड्युटीचे तास आणि मधली पाण्याची सुट्टी लिहून ठरवा. क्वारंटाइनमध्ये राहायची जागा आत्ताच पाहून ठेवा. कंत्राटी कामगारांच्या विम्याची कागदपत्रं भरून ठेवा. २०२० मध्ये केंद्राने ५० लाखांचा विमा जाहीर केला, त्यात आशा आणि कंत्राटी कर्मचारीही होते. पण कोविड ड्युटीवरच मृत्यू झाला हे सिद्ध करणारे कागद गोळा करायचं काम विधवा बायकांवर आलं. बेड कमी पडले तर कोणाला द्यायचा याचा निर्णय एकट्या ड्युटी डॉक्टरवर नको, तीन जणांची समिती असू द्या आणि तिचा फोन रात्रीही उचलला जाऊ द्या. साथीच्या वॉर्डातून आलेल्या माणसाला पुढचे काही आठवडे हलकी ड्युटी मिळेल असं वेळापत्रक करा. आणि नातेवाईकांना मृत्यूची बातमी कोण देणार, मृताचा फोन वाजला तर कोण उचलणार, हे प्रत्येक पाळीच्या चार्टवर नावानिशी लिहा.